ग्रेव्हसेंडची वाइन, बॅरिस्टरचा काळा पोशाख आणि लिमिटेड कंपनीचा पहिला खर्च

१८६६ च्या जानेवारीत, टेम्स नदीकाठच्या ग्रेव्हसेंड या गावी, केल्नर नावाच्या मद्यव्यापाऱ्याने ९०० पौंडांची वाइन विकली. ग्राहक होती ‘ग्रेव्हसेंड रॉयल अलेक्झांड्रा हॉटेल कंपनी’. अडचण एवढीच, की ही कंपनी त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती. तिच्या वतीने बॅक्स्टर आणि आणखी दोन प्रवर्तकांनी सह्या केल्या. पुढे कंपनीची रीतसर नोंदणी झाली, तिने हा करार मान्यही केला, वाइन पिऊन संपली आणि पैसे चुकते होण्याआधी कंपनी बुडाली. केल्नरने सह्या करणाऱ्या तिघांनाच कोर्टात खेचले. कोर्टाने निर्णय दिला तो असा : जिचा जन्मच झालेला नाही तिच्या वतीने कोणालाही करार करता येत नाही आणि जन्मानंतर तिने दिलेली मान्यता मागे जाऊन लागू होत नाही. सही ज्याची, देणे त्याचे.

या जुन्या खटल्यापासून आरंभ करण्याचे कारण असे, की त्यात दडलेला प्रश्न ब्रिटनमध्ये आजही रोज विचारला जातो. ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिमेंटची पोती आणि सळया उभ्या राहतात. तिकडे मात्र या शब्दात संगणकतज्ज्ञ, अभियंते, हिशेबनीस असे सारे येतात. नोकरी न करता ठरावीक मुदतीचे काम घेणारे आणि त्यासाठी बहुधा स्वतःची एकट्याची लिमिटेड कंपनी काढणारे हे लोक. पुण्या-मुंबईहून गेलेले अनेक मराठी तंत्रज्ञही त्यांत आहेत. कंपनी काढताच पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. संगणक दाखवता येईल का? आगगाडीचे तिकीट? दुपारचे जेवण? मुलाखतीसाठी शिवलेला सूट? यांतल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे एक माणूस आहे, जो कधीकाळी कोर्टाची पायरी चढला आणि बहुधा हरून उतरला.

कथेला दोन धागे आहेत. पहिला कंपनीचा. मर्यादित दायित्वाचा कायदा ब्रिटिश संसदेने १८५५ मध्ये केला, पण कंपनीसाठी त्यानंतरही सात माणसे लागत. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील बूट-कारखानदार ॲरन सॉलोमन याने १८९२ मध्ये कंपनी काढली तेव्हा पत्नी, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक भाग देऊन सातांची मोट बांधली. उरलेले २०,००१ भाग त्याचे स्वतःचे. वर्षभरात कंपनीचे दिवाळे निघाले. लिक्विडेटरचे म्हणणे, ही कंपनी म्हणजे मुखवटा घातलेला सॉलोमनच आहे, देणी त्यानेच फेडावीत. खालच्या दोन्ही कोर्टांनी ते मानले. नोव्हेंबर १८९६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळले. कायद्याने नोंदलेली कंपनी ही तिच्या मालकाहून संपूर्ण वेगळी व्यक्ती आहे, मग तिच्यात प्रत्यक्षात एकच माणूस का असेना.

या तत्त्वाची कमाल पाहायची तर न्यूझीलंडला जावे लागते. तेथे ली नावाच्या वैमानिकाने शेतांवर विमानातून खत टाकण्याची कंपनी काढली. ३,००० पैकी २,९९९ भाग त्याचे, संचालक तोच आणि मुख्य वैमानिकही तोच. १९५६ मध्ये काम करताना विमान कोसळून तो मृत्युमुखी पडला. पत्नीने कामगार म्हणून त्याची नुकसानभरपाई मागितली. स्वतःच स्वतःचा कामगार कसा, असा आक्षेप आला. प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की असू शकतो. हुकूम देणारी कंपनी होती, पाळणारा ली होता.

दुसरा धागा कराचा. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी धाकट्या पिटने १७९९ पासून प्राप्तिकर लावला. १८०२ मध्ये तह झाल्यावर तो उठला आणि १८०३ मध्ये युद्धाबरोबर परत आला. या १८०३ च्या कायद्यात व्यापाऱ्याच्या खर्चाविषयी दोन शब्द आले, ‘पूर्णतः आणि केवळ’. धंद्यासाठी पूर्णतः आणि केवळ केलेला खर्चच नफ्यातून वजा होईल. सव्वादोनशे वर्षे हे शब्द टिकून आहेत. कंपन्यांसाठी ते आज २००९ च्या कॉर्पोरेशन टॅक्स कायद्याच्या ५४ व्या कलमात बसले आहेत. समुद्र ओलांडून ते आपल्याकडेही आले. भारतीय प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ३७ मध्ये हेच शब्द घेतले गेले.

पगारदारासाठी कसोटी याहून कडक. त्याचा खर्च पूर्णतः, केवळ आणि शिवाय ‘आवश्यक’ हवा, तोही प्रत्यक्ष कर्तव्य बजावत असताना झालेला. १८५३ च्या कायद्यात या तरतुदीत घोडा पाळण्याच्या खर्चाची सवलतही होती आणि गंमत म्हणजे हा घोडा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत त्या कलमात उभा होता. रेल्वे आली, मोटारी आल्या, घोडा हलला नाही.

‘केवळ’ या शब्दाने काय काय गिळले ते पाहा. एका मद्य-कंपनीच्या खाणावळीची चिमणी झोपलेल्या पाहुण्यावर कोसळली. १,४९० पौंडांची भरपाई आणि खर्च कंपनीने भरले, पण वजावट नाकारली गेली. हे नुकसान व्यापारी म्हणून झाले नाही, असे १९०६ मध्ये लॉर्ड्स म्हणाले. १९५२ मध्ये न्यूसम नावाच्या बॅरिस्टरने व्हिप्स्नेडचे घर ते लंडनची कचेरी हा प्रवासखर्च मागितला. तो संध्याकाळी घरीच ग्रंथ उघडून काम करी. न्यायमूर्ती डेनिंग यांचा निर्वाळा असा : माणूस गावी राहतो तो राहण्यासाठी राहतो, कामासाठी नव्हे. १९७५ मध्ये एका उपकंत्राटी सुताराचे प्रकरण आले. घरी जेवण १० पेन्समध्ये होई, कामाच्या जागी ४० लागत. वरचे ३० पेन्स द्या, एवढेच त्याचे मागणे. न्यायाधीश टेम्पलमन यांनी नाकारले. सुतार जगण्यासाठी जेवतो, कामासाठी नव्हे. ३० पेन्ससाठी हायकोर्टापर्यंत गेलेला हा सुतार मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो.

पण या मालिकेचा कळस १९८३ चा आहे. ॲन मॅलेल्यू या बॅरिस्टर. कोर्टात काळा किंवा गडद पोशाख हा त्यांच्या व्यवसायाचा दंडक. एरवी त्या असे कपडे कधीही वापरत नसत, त्यांना ते आवडतही नसत. ते विकत घेण्याचा, धुण्याचा खर्च त्यांनी वजावटीत दाखवला. कर-आयुक्तांपुढे त्या हरल्या, हायकोर्टात जिंकल्या, अपील कोर्टात पुन्हा जिंकल्या आणि लॉर्ड्समध्ये चारास एक मताने हरल्या. कपडे घेताना त्यांच्या मनात केवळ कोर्ट होते, हे कोणी अमान्य केले नाही. लॉर्ड ब्राइटमन यांचा मुद्दा निराळा होता. मनात जाणीव असो वा नसो, माणूस कपडे घालतो तो ऊब आणि सभ्यता यांसाठीही. हेतू दोन झाले, म्हणजे ‘केवळ’ उरला नाही. माणसाच्या मनाविषयी त्याच्या स्वतःच्या शब्दापेक्षा त्याच्या शरीराची साक्ष मोठी ठरली. तर्क म्हणून निकाल पक्का आहे. न्याय म्हणून मला तो आजही पटत नाही.

आता हे दोन धागे एकत्र आणून पाहा. मॅलेल्यू स्वतःच्या नावाने व्यवसाय करत, म्हणून धंदा आणि देह एकाच माणसात होते. कंपनीला देह नाही. तिला थंडी वाजत नाही, भूक लागत नाही. तिने संचालकाला सूट घेऊन दिला तर कर्मचाऱ्यावरचा खर्च म्हणून तो साधारणतः तिच्या हिशेबात बसतो. पण म्हणून कर सुटत नाही. तो सूट संचालकाचे उत्पन्न समजून त्याच्यावर कर बसतो. एकट्याच्या कंपनीत प्रत्येक खर्चाला अशा दोन दारांतून जावे लागते. कंपनीच्या दारावर ‘पूर्णतः आणि केवळ’ अशी पाटी आहे. आत गेल्यावर तोच माणूस पगारदार होतो आणि त्याच्या दारावर तिसरा शब्दही लिहिलेला असतो. नवा कॉन्ट्रॅक्टर ज्याला एक नियम समजतो ते खरे तर दोन आहेत. सॉलोमनने जिंकलेल्या वेगळेपणाची ही किंमत.

प्रवासात हे सर्वांत उघड दिसते. १९७१ मध्ये ईस्टबोर्नच्या एका गवंड्याने घरापासून निरनिराळ्या बांधकामांवर मोटारीने जाण्याचा खर्च मागितला आणि डेनिंग यांच्याच कोर्टाने तो दिला, कारण त्याच्या धंद्याचे ठाणे त्याचे घर हेच होते. पण हा गवंडी स्वतंत्र होता, कंपनीचा नोकर नव्हता. त्याने कंपनी काढली असती तर त्याला पगारदाराचा नियम लागला असता. त्या नियमात १९९८ पासून तात्पुरत्या कामाच्या जागेची सवलत आहे : एका ठिकाणी कामाच्या वेळेचा ४० टक्के वा अधिक भाग जात असेल, तर ते २४ महिन्यांपर्यंतच तात्पुरते. मुदत त्याहून लांबणार हे ज्या दिवशी कळते, त्या दिवसापासून तिकीट बंद.

मग लोक कंपनी काढतात तरी का? पुष्कळदा ती त्यांची निवड नसते. १९७५ च्या वित्त कायद्याने एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांना करापुरते नोकर ठरवले. तो भार नको म्हणून एजन्सीच उमेदवाराला लिमिटेड कंपनी काढायला सांगू लागल्या. संगणक-क्षेत्र वाढले ते याच वाटेने. १९९२ मध्ये एकाच भागधारकाची खासगी कंपनी कायदेशीर झाली. २००२ मध्ये सरकारने पहिल्या १०,००० पौंड नफ्यावरचा कंपनी-कर शून्य केला. कंपन्यांचा पूर आला आणि २००६ मध्ये ती सवलत गुंडाळावी लागली.

सरकारचा संशय मात्र त्याआधीच जागा झाला होता. ९ मार्च १९९९ च्या अर्थसंकल्पाबरोबर निघालेल्या ३५ क्रमांकाच्या पत्रकावरून ‘आयआर ३५’ हे नाव रूढ झाले. ६ एप्रिल २००० पासून नियम लागू झाला : कंपनीचा पडदा काढला तर हा माणूस ग्राहकाचा नोकरच दिसत असेल, तर त्याचे उत्पन्न पगार मानून कर घ्यावा. त्या हिशेबात खर्च कोणते चालतील? एका पगारदाराला चालले असते तेवढे आणि कंपनी चालवण्यासाठी म्हणून उत्पन्नाच्या सरसकट ५ टक्के. हिशेबनिसाचे शुल्क, विमा, प्रशिक्षण सारे त्या पाचांत. २०१६ मध्ये अशा कामांवरील घर ते ग्राहक हा प्रवासखर्चही बंद झाला. आयआर ३५ मध्ये बसतो की नाही हे ठरवण्याचे काम सरकारी ग्राहकांकडे २०१७ मध्ये आणि मोठ्या-मध्यम खासगी ग्राहकांकडे २०२१ मध्ये गेले. तेथे ते ५ टक्केही उरले नाहीत.

(पडदा काढण्याची कल्पना लंडनचीच नव्हे. मुंबईत सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या गुंतवणुकीचे उत्पन्न चार खासगी कंपन्यांकडे वळवले आणि त्या कंपन्या तेच पैसे त्यांना कर्ज म्हणून देत. १९२७ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या कंपन्या म्हणजे खुद्द पेटिटच असे ठरवून प्राप्तिकर लावला.)

खर्च हा केवळ वजावटीचा विषय नाही, तो ओळखीचा पुरावाही आहे. १९६७ साली तयार काँक्रीट वाहून नेणाऱ्या एका चालकाचे प्रकरण कोर्टात आले. ट्रकवर कंपनीचा रंग, अंगावर कंपनीचा गणवेश. तरी न्यायाधीश मकेना यांनी त्याला स्वतंत्र व्यावसायिक ठरवले, कारण ट्रक त्याने हप्त्यांवर स्वतः घेतला होता आणि इंधन-दुरुस्तीचा भार त्याच्याच माथी होता. नोकर आणि मालक यांतला फरक तपासताना स्वतःचे साधन कोण आणतो, तोट्याची जोखीम कोण घेतो, हे आजही पाहिले जाते. म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या पावत्यांची फाइल दोनदा वाचली जाते. एकदा कर किती हे पाहायला, एकदा हा माणूस कोण हे पाहायला.

आता परत ग्रेव्हसेंडला. कंपनी जन्मण्याआधीच्या खर्चाचे काय? दीर्घकाळ उत्तर कोरडे होते : धंदा नव्हता, म्हणून धंद्याचा खर्च नव्हता. १९८० मध्ये संसदेने धंदा सुरू होण्याआधीच्या एका वर्षाचा खर्च पहिल्या दिवशी केला असे मानण्याची मुभा दिली आणि टप्प्याटप्प्याने वाढत १९९३ पासून ही मुदत सात वर्षे झाली. मात्र जो खर्च धंदा सुरू झाल्यावरही वजा झाला असता तोच यात बसतो. संस्थापकाने पदरचे पैसे घातले असतील तर ते कंपनीच्या वह्यांत तिचे देणे म्हणून रीतसर नोंदवावे लागतात. आधीच घेतलेला वैयक्तिक संगणक कंपनीत आणायचा तर त्या दिवशीच्या बाजारभावाने, मूळ किमतीने नव्हे. म्हणजे १८६६ चे कोर्ट चुकले असे कोणी म्हटलेले नाही; करारापुरता तो नियम तसाच आहे, फक्त करापुरता काळ थोडा मागे सरकवला आहे.

आणि कंपनीच्या नोंदणीसाठी भरलेले शुल्क? ते भांडवली खर्च समजले जाते. नफ्यातून वजा होत नाही.