अठरा बॅगा, अठ्ठावीस माणसे : बर्फावर निजण्याचा इतिहास

१/ २७ ऑक्टोबर १९१५. अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात बर्फाने चिरडलेले 'एन्ड्युरन्स' जहाज सोडण्याचा आदेश अर्नेस्ट शॅकल्टन यांनी दिला. २८ माणसे बर्फावर उतरली. आता रात्री काढायच्या होत्या त्या पातळ कापडी तंबूंत आणि गोठलेल्या समुद्राच्या पाठीवर.

२/ स्लीपिंग बॅगा दोन प्रकारच्या होत्या : १८ रेनडियरच्या कातड्याच्या, उरलेल्या लोकरीच्या. प्रत्येकाला कातड्याचीच हवी होती, म्हणून चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. निकाल विलक्षण लागला. शॅकल्टन, त्यांचे उजवे हात फ्रँक वाइल्ड आणि इतर वरिष्ठांच्या वाट्याला लोकर आली; उबदार बॅगा खलाशांकडे गेल्या. ही सोडत मुद्दाम 'जमवली' होती, असे बेकवेल या खलाशाचे मत होते.

३/ कातड्याला एवढे मोल का? ऊब राखते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. निजलेल्या माणसाच्या भाराने पाठीखालची लोकर दबते, हवा निघून जाते आणि बर्फ अंगातील उष्णता ओढू लागतो. रेनडियरच्या केसांच्या आतही हवेच्या पोकळ्या असतात. त्यामुळे भार पडला तरी सारी हवा जात नाही.

४/ तरीही कातडे पुरे पडले नाही. अंगाच्या उबेने खालचा बर्फ वितळे आणि बिछाना भिजे. म्हणून जहाजाच्या अवशेषांतील फळ्या तंबूंत अंथरल्या गेल्या. एप्रिल १९१६ मध्ये ही मंडळी एलिफंट बेटावर पोहोचली. मदत आणण्यासाठी शॅकल्टन पाच जणांसह निघाले. मागे राहिलेले २२ जण दोन उलट्या होड्यांखाली ३० ऑगस्टपर्यंत तगले. तेथेही अंगाखालची गोठलेली जमीन वितळून चिखल होई.

५/ पाठीखालच्या थराचे महत्त्व आज आकड्यात मोजता येते. 'आर-व्हॅल्यू' म्हणजे उष्णता रोखण्याची क्षमता. आकडा जितका मोठा, तितकी मॅट उबदार. २०१८ मध्ये अमेरिकेतील 'एएसटीएम' या मानकसंस्थेने मॅटसाठी समान चाचणी ठरवली; त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या मॅटची खरी तुलना शक्य झाली.

६/ हिवाळ्यात केदारकंठ्यासारख्या ट्रेकला जाणाऱ्यांनी म्हणूनच मॅटची जाडी नव्हे, हा आकडा पाहावा. फोमची साधी मॅट सुमारे २ देते. बर्फावर ५ किंवा अधिक हवे. दोन मॅट एकावर एक अंथरल्यास आकड्यांची बेरीज होते. हवेच्या मॅटखाली फोमची मॅट घालण्याचा आणखी एक लाभ : वरची फुटली तरी रात्र निभावते.

७/ वेडेल समुद्रातील ते सर्व २८ जण जिवंत परतले. त्या यशात नौकानयन, शिकार आणि धैर्य यांचा वाटा मोठाच होता. पण उबदार अंथरूण आधी हाताखालच्या माणसांना देणाऱ्या नेतृत्वाचाही होता.

(समाप्त)