आरागिरणीतून गॅरेजमध्ये

महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांनी बँडसॉ पाहिलेला असतो तो लाकडाच्या वखारीत. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून कधी गेला असाल, तर आधी तो आवाज आठवेल, मग सागवानी भुशाचा वास. वरखाली दोन मोठी चाके, त्यांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा आणि त्याच्याकडे ओंडका सरकवणारी माणसे. आपल्याकडे आरागिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च १९९७ रोजी महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या ताबडतोब बंद करायला सांगितले होते. आणि इथे अमेरिकेत त्याच यंत्राचे धाकटे भावंड शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये, मुलांच्या सायकलींना खेटून उभे असते. ते तिथवर कसे आले हे कळले, की आपण घेताना पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, याचेही बरेचसे उत्तर मिळते.

यंत्राची कल्पना जुनी आहे. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८ सालीच पट्टा-करवतीचे पेटंट घेतले. पण ते जवळजवळ चाळीस वर्षे कागदावरच राहिले, कारण पाते टिकेना. पट्ट्याची दोन टोके जोडायची, तर तो सांधा बाकीच्या पट्ट्याइतकाच लवचिक आणि तितकाच चिवट हवा. आजच्या घरगुती यंत्राचा हिशेब करून पाहा. पाते ९३½ इंच लांब, वेग मिनिटाला साधारण ३,००० फूट. म्हणजे तोच सांधा मिनिटाला सुमारे ३८५ फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकून सरळ होतो. दहा मिनिटांत साडेसात हजारांहून जास्त वेळा! न्यूबेरीच्या काळचे पोलाद आणि तेव्हाचा डाख यांना हे झेपणारे नव्हते. हा पेच सोडवणाऱ्यांत एक बाई होती. फ्रान्सच्या ॲन पोलीन क्रेपँ यांनी १८४६ मध्ये सांधा जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, ते पॅरिसच्या पेरँ कंपनीने विकत घेतले आणि पोलादाला पाणी देण्याच्या सुधारलेल्या रीतीशी त्याची सांगड घातली. तेव्हा कुठे बँडसॉ खऱ्या अर्थाने चालू लागला. यंत्रांच्या इतिहासात चाकांच्या आणि इंजिनांच्या शोधकांची नावे मोठ्या अक्षरांत असतात, सांधा जोडणाऱ्यांची नसतात.

अमेरिकेत इंडियानातल्या फोर्ट वेनच्या जेकब हॉफमनने १८६९ मध्ये ओंडके चिरणारा मोठा बँडसॉ आणला. त्याचे आकर्षण काटकसरीचे होते. गोल करवत जाड असते, ती दर फळीमागे बरेच लाकूड भुसा करून टाकते. पट्टा पातळ, म्हणून वाया जाणे कमी. अक्रोडासारख्या महाग लाकडात हा फरक थेट खिशात दिसे.

पण तो कारखाना झाला. घरापर्यंतची वाट मिलवॉकीतून जाते. हर्बर्ट टाउट्झने १९१९ मध्ये तिथल्या आपल्या गॅरेजमध्ये डेल्टा कंपनी सुरू केली. १९३० च्या दशकात, मंदीच्या ऐन तडाख्यात, या कंपनीने घरी सुतारकाम करणाऱ्या हौशी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून यंत्रे विकली. १४ इंची चाकांचा बँडसॉ त्यांतलाच. त्याची चौकट बिडाची, दोन तुकड्यांत ओतून मध्ये बोल्टने जोडलेली. १९४५ मध्ये डेल्टा रॉकवेलकडे गेली तरी हे रूप फारसे बदलले नाही. पुढे तैवानच्या कारखान्यांनी हाच आराखडा उचलला आणि तसेच यंत्र कितीतरी कमी किमतीत पाठवायला सुरुवात केली. शिराझ बालोलिया यांनी १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम इथे ग्रिझली कंपनी काढली आणि दुकानदार वगळून, कॅटलॉगमधून थेट घरी यंत्रे विकली. २०११ मध्ये तर खुद्द डेल्टाच तैवानच्या चांग टाइप कंपनीने घेतली. मिलवॉकीचे नाव उरले, ओतकाम गेले. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे ऐकून काय वाटेल ते मी सांगायला नको.

आपल्यासारख्या गिऱ्हाईकाचा मात्र यात फायदा झाला. सगळ्यांनी एकच आराखडा उचलल्यामुळे ९३½ इंचांचे पाते आजही सहज मिळते, आणि चाकांवरचे रबरी टायर, गाइड, बेअरिंग यांसाठी वणवण करावी लागत नाही. म्हणून पोस्टडॉकच्या पगारात बसवायचे असेल, तर मी आधी जुना १४ इंची बिडाचा बँडसॉ शोधेन. चाके हाताने फिरवून पाहा, घरघर ऐका. टायर झिजलेले असतील तर घाबरू नका, ते स्वस्तात बदलता येतात. पण चौकटीला तडा असेल तर निमूट परत फिरा, बीड सहजी सांधले जात नाही. नवेच हवे असेल तर हल्ली पोलादी पत्र्याच्या, वेल्डिंग केलेल्या चौकटीची यंत्रे मिळतात. ती ताठ असतात आणि जास्त उंचीचे लाकूड घेतात.

जुन्या बिडाच्या यंत्रात मूळची उंची सहा इंचांची. मध्ये सहा इंची ठोकळा बसवून ती बारा करता येते (मग पाते १०५ इंचांचे), पण मोटर आणि ताण देणारी स्प्रिंग तीच राहते. रोज रुंद फळ्या चिरायच्या नसतील तर त्यात पैसे घालू नका. पौण इंची पाते बसते असे माहितीपत्रक सांगत असले तरी असे यंत्र त्याला पुरेसा ताण देऊ शकत नाही. सरळ चिरायला अर्धा इंच रुंद आणि इंचाला तीन दात, वळणांना पाव इंच. यंत्रासोबत आलेले पाते काढून चांगले नवे लावा. न्यूबेरीचे घोडे अडले होते ते पात्यापाशीच, आणि दोनशे वर्षांनंतरही यंत्राला नावे ठेवली जातात ती बहुधा बोथट पात्यामुळे.

टेबलसॉ की बँडसॉ, असे लहान मुले असलेली मित्रमंडळी विचारतात. बँडसॉचे पाते लाकडाला खाली टेबलावर दाबते, टेबलसॉसारखे ते उसळून अंगावर येत नाही. पण खाटीक हाडे कापायला हेच यंत्र वापरतात. तेव्हा गाइड लाकडाच्या अगदी जवळ उतरवा, पात्याच्या रेषेत बोटे नेऊ नका आणि काम संपले की प्लग काढून ठेवा.