गोदाकांठचें नांदेड
(नभोवाणीवरील भाषण)

एखादें ऐतिहासिक गांव पाहावयास जावें म्हणजे तेथें काय काय करावें, हा प्रश्न मला माझ्या शिक्षकी आयुष्यांत पुष्कळदां पडला. सहल निघते, मुलें एका इमारतीपासून दुसऱ्या इमारतीकडे जातात, वहींत सनावळी उतरून घेतात, आणि डबे रिकामे करून संध्याकाळीं घरीं परततात. मी लातूरकडचा शिक्षक. आमच्या मुलांना अहमदपूर-लोह्यावरून नांदेडला न्यावयाचें हा आमचा नेमच होता. कित्येक वर्षें मीं हा नेम पाळला, परंतु तो चुकीच्या रीतीनें पाळला, हें आज कबूल करतों. मीं मुलांना नांदेड दाखविलें; ज्या गोदावरीमुळें नांदेड वसलें ती गोदावरी मात्र दाखविली नाहीं.

हें गांव फार जुनें. वाशीम येथें सांपडलेल्या, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याच्या ताम्रपटांत ‘नंदीकट’ या प्रदेशाचा उल्लेख आहे, आणि तें नंदीकट म्हणजेच नांदेड असें संशोधक मानतात. हा ताम्रपट इसवी सनाच्या चौथ्या शतकांतील. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून बंगालच्या उपसागरास मिळणारी गोदावरी सुमारें १४६५ किलोमीटर वाहते. तिच्या या दीर्घ प्रवासांत नांदेडच्या परिसरास नदीचें नाभिस्थान मानण्याची परंपरा आहे. तेव्हां येथें येणाऱ्या प्रवाशानें आरंभ नदीपासूनच करावा.

त्यासाठीं पहांटे उठावें आणि घाटावर जावें. गोदावरीचें पाणी घागरींत भरून रोज पहांटे सचखंड गुरुद्वारांत नेण्याची परंपरा आहे. ही सेवा करणाऱ्यास ‘गागरिया’ म्हणतात. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाचा सोहळा होतो, तेव्हां असंख्य भाविक घागरी घेऊन नदीवर येतात, आणि त्या पाण्यानें तख्त व गुरूंचीं शस्त्रें स्वच्छ केलीं जातात. मंदिर, मशीद वा गुरुद्वारा आपण नदीकांठीं पाहतों. पण देवस्थानाचा दिवसच नदीच्या पाण्यानें सुरू होतो, हें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून मनावर ठसत नाहीं.

मग गुरुद्वारांत जावें. मस्तक झांकून, पादत्राणें बाहेर ठेवून आंत गेलें कीं जो इतिहास समोर उभा राहतो, तो साऱ्या हिंदुस्थानचा आहे. बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्याशीं लढण्यास दक्षिणेंत उतरला, त्या सुमारास गुरु गोविंदसिंह नांदेडला आले. येथेंच त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला, आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं त्यांनीं देह ठेवला. आपल्यामागें कोणी देहधारी गुरु नाहीं, ग्रंथसाहिब हाच गुरु, ही त्यांची आज्ञा याच भूमींतली. जेथें त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले, त्या जागेवर महाराजा रणजितसिंह यांनीं १८३२ ते १८३७ या काळांत आजची वास्तु उभारविली. शिखांच्या पांच तख्तांपैकीं हें एक. दर्शन झाल्यावर लंगरांत बसावें. शेजारीं कोण बसला आहे, अमृतसरचा शेतकरी कीं भोकरचा मजूर, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. मुलांना समतेवर दहा धडे देण्यापेक्षां या एका पंगतीचा उपयोग अधिक होतो.

तेथून बंदा घाटावर यावें. जम्मूकडील राजौरीचा एक तरुण, संसार सोडून माधोदास वैरागी या नांवानें येथें नदीकांठीं आश्रम करून राहिला होता. १७०८ सालीं गुरूंची व त्याची भेट झाली, आणि वैराग्याचा बंदासिंह बहादूर झाला. पुढें पंजाबांत जाऊन १७१० मध्यें त्यानें सरहिंद घेतली. १७१६ मध्यें दिल्लींत त्याला क्रूरपणें मारण्यांत आलें. पंजाबच्या इतिहासाचें एक पान असें गोदाकांठीं उलटलें.

दुपारीं नंदगिरी किल्ला पाहावा. तो डोंगरी किल्ला नव्हे. तीन बाजूंनीं वळसा घालणारी नदी हाच त्याचा खंदक. तटावरून पाहिलें कीं गांव येथेंच कां वसलें, याचें उत्तर कोणी न सांगतां मिळतें.

शेवटीं शहराबाहेरील हिराघाट. बादशहानें नजर केलेला मौल्यवान हिरा गुरूंनीं नदींत टाकून दिला. बादशहा खिन्न झाला, तेव्हां गुरूंनीं त्यास पाण्यांत पाहावयास सांगितलें, तों तळाशीं हिऱ्यांच्या राशी दिसल्या, अशी परंपरागत कथा आहे. ही कथा मी वर्गांत नेहमीं रंगवून सांगत असें.

२०१६ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी पोंचली, तींत पांच लाख लिटर पाणी होतें. घागर घेऊन रांगेंत उभीं राहिलेलीं तीं मुलें पुढच्या हिंवाळ्यांत माझ्याबरोबर नांदेडला आलीं. नदीवर आम्हीं उभे असतां मीं हिऱ्याची गोष्ट सांगितली. तेवढ्यांत एका मुलानें कांठाकडे बोट दाखविलें. एक काळा नाला नदींत मिळत होता. तो म्हणाला, “गुरुजी, एवढें पाणी असून त्यांत हें कां सोडतात?” माझ्याजवळ सनावळी होती, उत्तर नव्हतें.

नांदेडची तहान शहराच्या वरच्या अंगास असलेल्या विष्णुपुरीच्या जलाशयावर भागते. २००८ सालीं गुरुगादीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहरांत रस्ते, पूल व घाट झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु घाट बांधले म्हणजे नदी राखली, असें होत नाहीं. ज्या पाण्यानें पहांटे तख्त धुवावयाचें, त्याच पाण्यांत दिवसभर सांडपाणी सोडावयाचें, ही विसंगति त्या मुलाला दिसली. मला तीस वर्षें दिसली नव्हती.

म्हणून, श्रोतेहो, नांदेडला अवश्य जा. तख्त पाहा, किल्ला पाहा, लंगरांत जेवा. पण निघण्यापूर्वीं अर्धा तास घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसा आणि पाण्याकडे नीट पाहा. बरोबर मुलें असतील तर त्यांचे प्रश्न ऐका. उत्तर येत नसेल तर तसें स्पष्ट सांगा, आणि घरीं परतल्यावर आपल्या गांवच्या नदीकडे, ओढ्याकडे, विहिरीकडे एकदां जाऊन या.