कुतचा वेढा आणि मोडाची मटकी

कुत-अल-अमाराच्या वेढ्याची हकीकत इतिहासग्रंथांत सेनापतींच्या चुकांनी भरलेली असते. आम्हांस तीत मुदपाकखान्याचा भाग अधिक बोधक वाटतो. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी मेसोपोटेमियातील या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला कोंडले. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, तोवर कित्येक हिंदी शिपायांच्या हिरड्या सुजून त्यांतून रक्त येऊ लागले होते. हाच स्कर्व्ही. ताजा भाजीपाला जवळजवळ नव्हता, आणि घोड्याचे मांस बहुतेकांनी दीर्घकाळ नाकारले. उलट पांढऱ्या पावावर राहणाऱ्या गोऱ्या शिपायांत बेरीबेरी पसरला. आट्याने आपल्या लोकांना त्यातून वाचविले.

लढाईच्या त्याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक, मार्गारेट ह्यूम व मॅरियन डेल्फ या विदुषी गिनीपिगांवर प्रयोग करीत होत्या. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही टाळण्याचा गुण जवळजवळ नसतो. तेच भिजवून मोड आणले की तो उत्पन्न होतो, असे त्यांना आढळले. आमच्या घरच्या बायकांनी मटकीला मोड आणताना गिनीपिगाची साक्ष कधी मागितली नाही, ही गोष्ट वेगळी!

डेल्फबाईंनी १९१८ साली कोबीची परीक्षा केली. कच्च्या पानांचा गुण उष्णतेने पुष्कळ घटला. शिवाय मंद आचेवर तासभर ठेवणे थोडा वेळ खळखळून उकळण्याहून लाभदायक ठरले नाही. कारण पुढे उमगले. कोमट अवस्थेत पानांतीलच एक पाचकद्रव्य क जीवनसत्त्वाचा नाश करते. उकळत्या पाण्यात ते चटकन निकामी होते. हे जीवनसत्त्व हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये वेगळे केले, पण त्याची ओळख १९३२ मध्ये पटली. ते पाण्यात विरघळते, म्हणून भाजीचे पाणी ओतून देणे म्हणजे निम्मी भाजी मोरीत घालणेच. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालण्याची खाणावळींतील रीत तर आम्हांस सर्वांत घातक वाटते, कारण क्षाराने त्याचा नाश अधिकच वेगाने होतो.

गाजराची गोष्ट मात्र निराळी. त्यातील कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, आणि शिजवून थोड्या तेलातुपाबरोबर खाल्ल्यास कच्च्यापेक्षा अधिक अंगी लागते.