पळणाऱ्यांच्या बाजूने

स्लॅशर भयपटांच्या शेवटी जी एकटी मुलगी जिवंत उरते, तिला कॅरल क्लोव्हर या अमेरिकी अभ्यासिकेने १९८७ साली ‘फायनल गर्ल’ असं नाव दिलं. तीच का उरते, बाकीचे का मरतात, तिच्याकडे पाहणारा प्रेक्षक नक्की कोणाच्या डोळ्यांनी पाहत असतो, यावर तेव्हापासून भरपूर लिहिलं गेलं. त्या सगळ्या चर्चेमागे एक गोष्ट गृहीत होती: कोण जगणार हे पटकथेतच ठरलेलं असतं. जून २०१६मध्ये माँट्रियलच्या बिहेव्हियर इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा ‘डेड बाय डेलाइट’ आला आणि हे गृहीत मोडलं. एक खेळाडू किलर, चार खेळाडू सर्व्हायव्हर. पाचही हाडामांसाची माणसं, आपापल्या घरी बसलेली. त्यांतलं कोण उरणार हे आधी कोणालाच ठाऊक नसतं, आणि उरायचं मात्र चौघांनाही असतं.

अशा खेळांना आपण इथे विषम भयखेळ म्हणू. विषम अशासाठी की दोन बाजूंची संख्या, ताकद, नजर आणि उद्दिष्ट यांपैकी काहीच सारखं नसतं. ही कल्पना २०१६मध्ये आकाशातून पडली नव्हती. ‘लेफ्ट फोर डेड’च्या २००८मधल्या व्हर्सस प्रकारात चार खेळाडू जगण्यासाठी झगडत आणि समोरचे चार खेळाडू खास ताकदीचे झोंबी होत. २०१५च्या ‘इव्हॉल्व्ह’मध्ये चार शिकारी एका राक्षसामागे लागत. पण या दोन्हींत माणसांच्या हातात बंदुका होत्या. बंदूक काढून घेतली, पाठलाग ठेवला आणि सुटकेचा रस्ता कष्टाच्या कामाने बांधला, तेव्हा आज आपण ज्याचा अभ्यास करतो तो सर्व्हायव्हर जन्माला आला.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला पहिल्यांदा भेटतात ती तुलनेची कोष्टकं. कुठल्या खेळात किती खेळाडू, किती नकाशे, कोणाचा वेग किती, कोणता किलर कोणत्या चित्रपटातून आला. कोष्टकं उपयोगी असतात आणि मीही ती वापरतो. पण त्यांतून सर्व्हायव्हर म्हणून खेळणं कसं असतं हे कळत नाही. माझ्या मते तुलनेचा खरा प्रश्न एकच आहे: सोबती पडला, की हा खेळ तुम्हाला काय करायला लावतो? त्याला वाचवण्याची किंमत किती, ती कोणाच्या खात्यातून जाते आणि न वाचवण्याबद्दल बक्षीस मिळतं का? हा हिशेब मांडला की दोन वरवर सारखे खेळ एकमेकांपासून किती लांब आहेत ते दिसू लागतं.

‘डेड बाय डेलाइट’पासून सुरुवात करणं सोयीचं, कारण त्याचा हिशेब उघड आहे. नकाशावर सात जनरेटर, त्यांतले पाच दुरुस्त केले की बाहेरच्या दरवाजांना वीज मिळते. एकट्याने एक जनरेटर दुरुस्त करायला ९० सेकंद लागतात. २०२२पूर्वी ८० लागत. सर्व्हायव्हर सेकंदाला ४ मीटर पळतो, बहुतेक किलर ४.६ मीटर. म्हणजे मोकळ्या मैदानात १२ मीटरची आघाडी २० सेकंदांत संपते. तरीही कसलेला खेळाडू एकाच भिंतीभोवती, एकाच खिडकीतून, एकच फळी आडवी पाडून किलरला मिनिटभर फिरवत ठेवतो. याला लूप म्हणतात. त्या मिनिटात उरलेले तिघे तीन जनरेटरवर असतील तर मिळून १८० सेकंदांचं काम होतं, म्हणजे दोन जनरेटरांइतकं. पळणारा स्वतः काहीच दुरुस्त करत नाही, तरी दुरुस्तीचा वेळ तोच कमावून देतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याला वाटतं की लपणं हे सर्व्हायव्हरचं काम. काही दिवसांनी कळतं की जो फार लपतो तो संघाला महाग पडतो.

सरावाने समज बदलते हे भीतीलाही लागू आहे. तान्या क्रिविन्स्का यांनी २००२ साली भयखेळांबद्दल मांडलं होतं की त्यांची मजा हातातला ताबा सुटण्या-मिळण्याच्या आंदोलनात असते. एकट्याने खेळायच्या खेळात सुटलेला ताबा यंत्राकडे जातो. इथे तो दुसऱ्या माणसाकडे जातो, आणि त्या माणसाला चुकवता येतं, चिडवता येतं, थकवता येतं. किलर जवळ आला की वाढणारी हृदयाची धडधड नवख्याला घाबरवते. मुरलेल्याला ती फक्त अंतर सांगते. शिवाय सर्व्हायव्हरचा कॅमेरा त्याच्या पाठीमागे असतो, त्यामुळे त्याला भिंतीआडून कोपऱ्यापलीकडचं दिसतं. किलरला फक्त नाकासमोरचं. दुबळ्याला जास्त नजर देऊन खेळाने तोल सांभाळला, आणि त्या बदल्यात थोडी भीती गमावली. ‘हा खेळ आता भयाचा राहिलाच नाही’ अशी जुन्या खेळाडूंची तक्रार ऐकू येते ती यामुळे. मला ती अर्धीच पटते.

कारण खरी भीती हुकपाशी आहे. किलरने पाडलेल्या सर्व्हायव्हरला तो उचलून हुकवर टांगतो. तिथून सोबती त्याला सोडवू शकतो, पण वेळ ठरलेला आहे, आणि तिसऱ्यांदा टांगलेला परत येत नाही. महाराष्ट्रात विषामृत खेळलेल्या कोणालाही ही रचना लगेच कळेल: ज्याच्यावर राज्य त्याने ‘विष’ दिलं की जागीच थिजायचं आणि कोणीतरी धावत येऊन ‘अमृत’ देईपर्यंत थांबायचं. फरक असा की विषामृतात अमृताला मोजमाप नसतं. इथे प्रत्येक सुटका मोजलेली आहे. वाचवायला निघालेला खेळाडू जनरेटर सोडतो, स्वतःचा ठावठिकाणा धोक्यात घालतो आणि बरेचदा एकाच्या जागी दोघे पकडले जातात. किलरला हे ठाऊक असतं, म्हणून तो हुकपाशीच ठाण मांडून बसतो (कॅम्पिंग), किंवा नुकत्याच सुटलेल्यालाच पुन्हा गाठतो (टनेलिंग). या दोन शब्दांवरून खेळाडूंमध्ये झालेली भांडणं हे या क्षेत्रातलं सर्वांत समृद्ध, आणि सर्वांत कंटाळवाणंही, साधन आहे. कंपनीने २०२२मध्ये हुकवरून सुटलेल्याला काही सेकंदांचं संरक्षण सगळ्यांसाठीच देऊन टाकलं. आधी ते एका ठरावीक पर्कमधून, म्हणजे खेळाडूने निवडलेल्या खास क्षमतेतून, मिळत असे. म्हणजे वाचवणाऱ्याची किंमत थोडी खाली आणली. खेळाच्या नीतीवरचं भाष्य मला अशा आकड्यांच्या बदलांमध्ये जास्त सापडतं, पात्रांच्या चरित्रांत फारसं नाही.

आता याच खेळातला हॅच पाहा. चौघांपैकी एकच सर्व्हायव्हर उरला की जमिनीतलं एक झाकण उघडतं आणि त्याला त्यातून एकट्याने निसटता येतं. एकट्या उरलेल्याला आशेचा धागा मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तिसऱ्या सोबत्याचं मरण चौथ्यासाठी दार उघडतं. कपाटात दडून दुसऱ्याच्या मरणाची वाट पाहणारा खेळाडू नियम मोडत नाही. नियमांनी ठेवलेलं बक्षीस घेतो. या खेळात सुटका प्रत्येकाची स्वतंत्र मोजली जाते, म्हणून ते बक्षीस लागू पडतं. क्लोव्हर यांची फायनल गर्ल इथे चौघांचीही महत्त्वाकांक्षा होऊन बसते.

चीनच्या नेटईझ कंपनीने २०१८मध्ये मोबाइलवर आणलेला ‘आयडेंटिटी व्ही’ शेजारी ठेवला की हा मुद्दा स्वच्छ दिसतो. सांगाडा जवळपास तोच: चार विरुद्ध एक, सातपैकी पाच यंत्रं उलगडायची, पकडलेल्याला हुकऐवजी रॉकेट लावलेल्या खुर्चीत बसवायचं. पण निकाल संघाचा आहे. तिघे सुटले तर सर्व्हायव्हर जिंकले, दोघे सुटले तर बरोबरी. एवढ्या एका बदलाने सगळं वागणं फिरतं. शेवटी उरलेल्या एकट्याने निसटून जाणं इथे जिंकणं नव्हे, आणि संघासाठी स्वतःला बळी देणं हिशेबात बसतं. दुसरा बदल पात्रांचा. ‘डेड बाय डेलाइट’मध्ये पर्क बदलले की कोणताही सर्व्हायव्हर कोणाहीसारखा खेळतो. ‘आयडेंटिटी व्ही’त डॉक्टर स्वतःवर उपचार करते, मेकॅनिक आपल्या बाहुलीकडून यंत्रं उलगडून घेते, फॉरवर्ड चेंडू घेऊन शिकाऱ्याला (इथला किलर) धडकतो. कोणाला वाचवायला कोणी जायचं हे मॅच सुरू होण्याआधी, पात्रं निवडतानाच निम्मं ठरलेलं असतं. तिथे स्पर्धात्मक सामने रुजले याचं मला नवल वाटत नाही.

‘फ्रायडे द थर्टीन्थ: द गेम’ (मे २०१७) हा माझ्या आवडीचा. त्याच्याबद्दल माझं माप थोडं झुकलेलं आहे हे वाचकाने ध्यानात ठेवावं. शिबिराचे सात समुपदेशक, त्यांच्या मागावर चित्रपटमालिकेतला खुनी जेसन, वीस मिनिटांची रात्र. सुटण्याचे रस्ते अनेक: मोटारीला बॅटरी, पेट्रोल आणि किल्ली, बोटीला पंखा आणि पेट्रोल, फोनच्या पेटीत फ्यूज बसवून पोलिसांना बोलवायचं आणि पाच मिनिटं कशीबशी काढायची, नाहीतर वेळ संपेपर्यंत तग धरायची. मोटारीत दोघांची किंवा चौघांची जागा, आणि किल्ली एकाच्याच हातात. सोबती मागून ओरडत येताना दिसतो, जेसन त्याच्या पाठीवर आहे. गाडी थांबवायची की नाही? ‘डेड बाय डेलाइट’मध्ये हा निर्णय आकड्यांत बुडून जातो. इथे तो उघड्यावर घ्यावा लागे, तोही सोबत्याच्या कानांसमोर, कारण खेळातच आवाजाची सोय होती: जवळच्यांचं बोलणं ऐकू येई, वॉकीटॉकी असेल तर लांबचंही. आणि जवळ आलेल्या जेसनलाही ते ऐकू जाई. त्यामुळे मदतीची हाक मारणं हेच संकट ओढवून घेणं ठरे.

त्यात मेलेल्याचा विचारही केला होता. रेडिओवरून त्याच चित्रपटमालिकेतल्या टॉमी जार्विसला बोलावलं की मेलेल्या किंवा सुटून गेलेल्या खेळाडूंपैकी एक जण त्याच्या रूपात परत येई. भीतीचंही शरीर होतं: अंधार, सोबत्याचं प्रेत, जेसनची जवळीक यांनी समुपदेशक घाबरत जाई, आणि जितका घाबरलेला तितका तो जेसनला सहज सापडे. ‘ईव्हिल डेड: द गेम’ने (२०२२) हीच भीती संघाच्या अंगाने मांडली. तिथे एकटं भटकणाऱ्याची भीती वाढते, आगीपाशी ती उतरते आणि फार वाढली तर राक्षस होऊन खेळणाऱ्याला त्या सर्व्हायव्हरच्या अंगात शिरता येतं. मेलेल्या सोबत्याचा आत्मा वेदीपर्यंत नेऊन त्याला परत आणता येतं. पण तिथे सर्व्हायव्हरच्या हातात करवत आणि बंदूक आहे, त्यामुळे तो खेळ भयापेक्षा हाणामारीकडे जास्त झुकतो.

‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’ (२०२३) मात्र सावकाश वाचण्यासारखा आहे. चार बळी, समोर तीन जणांचं कुटुंब. बळींची सुरुवात तळघरात बांधलेल्या अवस्थेत. इथे चलन आवाजाचं. कुलूप घाईने उघडलं तर खडखडाट, हळू उघडलं तर वेळ जातो. कुटुंब घरातल्या आजोबांना रक्त पाजत राहतं आणि आजोबांनी आरोळी ठोकली की हलणारे बळी उघडे पडतात. जो त्या क्षणी थिजून उभा राहतो तो वाचतो. किलर तीन झाल्यामुळे लूपचं गणित इथे कोलमडतं. एकाला फिरवत ठेवलं तरी दोघे मोकळे असतात.

माहितीचा प्रश्न या सगळ्यांतून वाहतो. ‘डेड बाय डेलाइट’मध्ये मॅच चालू असताना बोलण्याची सोय नाही. पण मित्रांची टोळी बाहेरच्या ॲपवर बोलत खेळते, अनोळखी चौघे मुके खेळतात, आणि दोघांच्या मॅचेस एकाच नावाखाली मोजल्या जातात. सर्व्हायव्हरच्या वागण्याची तुलना करणाऱ्याने हे दोन वेगळे खेळ मानावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मुक्या संघातला स्वार्थ बरेचदा स्वार्थ नसतो. सोबती काय करतोय हे न कळण्याचा तो परिणाम असतो.

या अभ्यासाला लागणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. किलर म्हणूनही खेळा. पळणाऱ्याला कळत नाही की पाठलाग करणारा किती घाईत आणि किती त्रस्त असतो. प्रत्येक निरीक्षणासोबत तारीख आणि आवृत्ती लिहा, कारण हे खेळ पुस्तकासारखे स्थिर नसतात. ८० सेकंदांच्या जनरेटरचा खेळ आज कोणालाही खेळता येत नाही.

काही तर मुळातच उरत नाहीत. १९८०च्या मूळ चित्रपटाचे पटकथालेखक व्हिक्टर मिलर आणि निर्मिती-पक्ष यांच्यातल्या हक्कांच्या खटल्यामुळे ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ला २०१८मध्येच नवी भर थांबवावी लागली. परवाना संपला तसा ३१ डिसेंबर २०२३ला तो विक्रीतून गेला. त्याच्या जुन्या मॅचेस आता खेळाडूंनी ठेवलेल्या चित्रफितींतच पाहता येतात, आणि त्याही बहुतांशी गंमत म्हणून कापलेल्या, आवाज काढून टाकलेल्या. तुमच्याकडे कुठल्याही विषम भयखेळाची सबंध, न कापलेली मॅच असेल, विशेषतः संघ हरलेली, तर ती पुसू नका. तारीख, आवृत्ती आणि कोण कोणाशी बोलत होतं एवढं तिच्यासोबत लिहून ठेवा.