शाळेतील समुपदेशकांचे ऑनलाइन प्रशिक्षण: पालकांनी काय विचारावे?

मुलाला शाळेने समुपदेशकाकडे पाठवले की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘लोक काय म्हणतील?’ त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: मुलाशी बोलणारी व्यक्ती नेमके काय शिकलेली आहे? बुलढाणा जिल्ह्यात तर तो विचारायलाच हवा. संग्रामपूर किंवा लोणारकडच्या कुटुंबाला मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर बहुधा बुलढाणा, खामगाव किंवा अकोल्यापर्यंत जावे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे शाळेतली मदत ही अनेक मुलांसाठी पहिली आणि कधी कधी एकमेव मदत असते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. इतके प्रशिक्षित लोक एका वर्गखोलीत बसवून तयार होणे कठीण आहे. म्हणूनच ऑनलाइन प्रशिक्षणाला महत्त्व आले आहे.

पुराव्यावर आधारित उपचार म्हणजे काय?

ज्या उपचारपद्धतीचा उपयोग अभ्यासातून तपासला गेला आहे, ती पुराव्यावर आधारित. समजुतीचे चार शब्द, ‘टेन्शन घेऊ नकोस’ असा सल्ला किंवा स्फूर्तिदायक भाषण म्हणजे उपचार नव्हे. मुलांच्या चिंता आणि नैराश्यासाठी सर्वाधिक तपासली गेलेली पद्धत म्हणजे सीबीटी, अर्थात विचार आणि वर्तन यांवर काम करणारा उपचार.

समजा, दहावीतला मुलगा गणिताच्या तासाला पोट दुखते म्हणून घरी येतो. तपासण्या ठीक आहेत. शिकलेला समुपदेशक त्याला ‘धीर धर’ एवढेच सांगून सोडत नाही. पोट दुखण्याआधी मनात काय आले, हे तो मुलाला लिहायला लावतो. ‘मला फळ्यावर बोलावतील, सगळे हसतील’ असे उत्तर येते. मग दोघे मिळून पाहतात की असे किती वेळा घडले आणि घडले तेव्हा पुढे काय झाले. तास टाळला की तात्पुरते बरे वाटते, पण भीती वाढते, हे मुलाला स्वतःच्या वहीतून दिसते. त्यानंतर छोट्या पायऱ्या ठरतात: आधी तासाला मागे बसणे, मग एक प्रश्न विचारणे, शेवटी फळ्यावर जाणे. दर भेटीत त्रास दहापैकी किती, हे नोंदवले जाते. आकडा हलत नसेल तर योजना बदलायची. हे काम व्याख्यान ऐकून येत नाही, सरावानेच येते.

ऑनलाइन शिकून हे जमते का?

जमते, पण नुसत्या व्हिडिओने नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुपदेशकांना सीबीटी तीन प्रकारे शिकवली गेली: केवळ पुस्तिका देऊन, पुस्तिकेसोबत संकेतस्थळ देऊन आणि पुस्तिका, कार्यशाळा व नंतरची देखरेख देऊन. तिसरा गट सर्वांत पुढे राहिला, संकेतस्थळवाला गट मधे. माझ्या मते कोणत्याही अभ्यासक्रमाची किंमत यावरूनच ठरवावी: शिकणाऱ्याने प्रत्यक्ष भेटी घेतल्या का आणि त्या कुणी अनुभवी माणसाने तपासल्या का? प्रमाणपत्र हे मोबाइल हातात धरून बसल्याचाही पुरावा असू शकते.

चांगली गोष्ट अशी की ही देखरेखही आता दूरून होऊ शकते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची डिजिटल अकादमी २०१८ पासून डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आणि परिचारिकांना ऑनलाइन शिकवते. व्हिडिओ कॉलवर केस मांडणे, चुका दाखवून घेणे, पुन्हा करून पाहणे हे सगळे शेगाव किंवा मेहकरला बसूनही शक्य आहे, नेटवर्क नीट असले तर.

तज्ज्ञ नसलेल्या माणसाच्या हाती असे काम द्यावे का, ही शंका रास्त आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात गावपातळीवर प्रशिक्षित कार्यकर्ते नेमले, तेव्हा नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शाळांबद्दलचा पुरावा थोडा मिश्र आहे. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत केलेल्या अभ्यासात समस्या सोडवण्याच्या जास्तीत जास्त पाच छोट्या भेटींनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी कमी झाल्या, पण मानसिक लक्षणांच्या गुणांत स्पष्ट फरक दिसला नाही. बिहारमधील ७४ शाळांच्या अभ्यासात वेगळा समुपदेशक नेमला तिथे शाळेतले वातावरण सुधारले. तेच काम शिक्षकांवर सोपवले तिथे परिणाम दिसला नाही. २०२० च्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायचे ठरले आहे. ते मुलाचा त्रास ओळखू शकतात आणि पुढे पाठवू शकतात. त्यांच्याकडून पूर्ण उपचाराची अपेक्षा करू नये.

शाळेत गेल्यावर

समुपदेशकाला विचारायला संकोच करू नका: तुमचे शिक्षण कोणते? तुम्ही कोणती पद्धत वापरता? अडचण आली तर कोणाशी बोलता? सुधारणा कशी मोजता? ‘माझ्या वरच्या मॅडमना दर आठवड्याला केस सांगते’ असे उत्तर मिळाले तर निश्चिंत व्हा. ‘मी सगळे हाताळतो’ हे उत्तर मला व्यक्तिशः खटकते. भेटीतले प्रत्येक वाक्य मात्र खोदून विचारू नका. मुलाची खासगी गोष्ट जपली जाते म्हणूनच तो बोलतो. जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असेल तर मात्र समुपदेशकाला गप्प राहता येत नाही, आणि हे त्याने मुलाला पहिल्याच भेटीत सांगायला हवे. चार-सहा भेटींनंतरही फरक नसेल, तर मोठ्या तपासणीसाठी पाठवा असे तुम्ही स्वतः म्हणा.

मूल मरण्याची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल, त्याला भास होत असतील किंवा त्याने खाणे-झोपणे सोडले असेल, तर शाळेतल्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा आणि जवळच्या रुग्णालयात न्या. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. मुलावर अत्याचार झाल्याचा संशय असेल तर १०९८.