साती आसरा : कृष्णाकाठच्या जलदेवता आणि स्थानिक इतिहास

प्रस्तावना :
पाण्यात अमानवी शक्तींचा वास असतो, ही श्रद्धा अनेक संस्कृतींत आढळते. ग्रिम बंधूंच्या १८१६-१८ मधील जर्मन दंतकथासंग्रहात ‘निक्स’ या जलयोनीच्या कथा आहेत. स्कॅंडिनेव्हियात वाद्य वाजवून माणसाला भुलविणारा जलपुरुष प्रसिद्ध आहे. सातारा-सांगली परिसरात हे स्थान साती आसरांचे आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे.

स्वरूप :
‘आसरा’ हे ‘अप्सरा’ शब्दाचे लोकरूप होय. मात्र लोकमानसातील आसरा स्वर्गातील नर्तकी नव्हेत. नदीचा डोह, विहीर, तळे हे त्यांचे निवासस्थान. काठावरचे शेंदूर लावलेले सात दगड हेच त्यांचे रूप. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण व दहीभात देऊन स्त्रिया त्यांची ओटी भरतात. त्या कोपल्या तर माणूस बुडतो, बाळंतीण वा मूल आजारी पडते. प्रसन्न झाल्या तर कूस उजवते, अशी समजूत आहे.

तुलना :
युरोपीय जलयोनी बहुधा एकट्याने मोह घालते. आसरा मात्र सात जणींचा समूह असून त्यांच्याशी माणसाचे नाते देण्याघेण्याचे आहे. ऱ्हाईनकाठची लोरेलाय ब्रेंटानोच्या १८०१ मधील काव्यातून जन्मली आणि हाइनेच्या १८२४ मधील कवितेने सर्वदूर पोहोचली. आसरांचा आधार मुख्यतः दगड आणि मौखिक परंपरा हाच आहे. म्हणूनच दा. ध. कोसंबी (१९६२) व ॲन फेल्डहाउस (१९९५) यांनी क्षेत्रभेटींतून केलेला अशा श्रद्धास्थानांचा अभ्यास मोलाचा ठरतो.

समारोप :
कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली अनेक गावे गेली. विस्थापित गाव आपला ग्रामदेव नव्या वसाहतीत स्थापू शकते. आसरांचे तसे नाही. त्यांचे ठाणे म्हणजे तो विशिष्ट डोहच. डोह बुडाला वा विहीर बुजली की देवतेसह त्या जागेची स्मृतीही नाहीशी होते. काठावरचे सात दगड हा खोल पाण्याचा इशाराही असावा, असे अनुमान करता येते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर तर अशा स्थानांची गाववार नोंद करणे अगत्याचे आहे. या श्रद्धेतील भीती आज कोणी मानो वा न मानो, तिच्यात साठलेले पाण्याविषयीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.